चार बोटं गज

लिवून घ्या भाऊ, पण मी बोलतो तसंच लिवा, मागनं नीट करू नका. आमचं घर तळेघरच्या वरल्या अंगाला. भात आन् नाचणी, दुसरं काय पिकतंय तिथं, आन् जे पिकतंय ते आधी रानडुकरं खात्यात, उरलं तर आमी. म्हणून आज्यापासनं घरात ठासणीची बंदूक, राखणीचा परवाना. तो आबाच्या नावावर, आबा म्हंजी माझा बाप.

ठासणीचं काय सांगू तुमाला, सगळं हातानं. नळीच्या तोंडातनं दारू वतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे टाकायचे, लोखंडी गजानं ठासायचं, मागं टिकली लावायची आन् घोडा वढायचा. पावसाळ्यात तीनदा फुस्स आन् चौथ्यांदा आवाज, तवर डुक्कर घरी जाऊन झोपलेलं. पण एक व्हतं, बंदूक भरलीय का रिकामी हे गज सांगायचा. नळीत गज सोडला आन् काठाबरोबर बसला तर रिकामी, चार बोटं वर राह्यला तर भरलेली. आबा म्हणायचा, माणूस खोटं बोलंल, गज न्हाई बोलायचा. एकदा बार उडताना नळीचं तोंड फाटलं, तवा लोहारानं चार बोटं नळी कापली, आबानं गजपण तेवढाच कापून आणला. ही कापाकापी ध्यानात ठेवा.

नव्वद सालाच्या पुढं दादा, माझा थोरला भाऊ, हट्टाला पेटला, काडतुसाची एकनळी घ्यायची. घेतली. जुनी बंदूक सरकारजमा झाली, आबानं गज तेवढा ठेवून घेतला, म्हणला, माझ्या बापाच्या हातचा हाय.

पयली काडतुसं पुठ्ठ्याची, बुडाला पितळ. आमच्याकडं चार महिने धुकं आन् पाऊस, ती फुगायची, नळीत शिरायचीच न्हाईत. मग वहिनी, दादाची बायको, ती नाचणीच्या कणगीत पुरून ठेवायची. एकदा एक फुटलं आन् भाकरीत छर्रा निघाला, आबाचा दात हलला, वहिनी पदर तोंडाला लावून हसली, आमी सगळीच लई हसलो. आबाला हसायची ती त्या वक्ताला. मंग आली लाल प्लास्टिकची. पाण्यात बुडवा, तरी उडणार. दादा म्हणायचा, आता फुसकं निघायची भीतीच गेली.

श्रावणातली दुपार व्हती. दादा सकाळी रानातनं भिजून आला, बंदूक खुंटीला लावली, आतलं काडतूस काढायचं राहून गेलं. मी म्हणलं, पुसून ठेवतो. दादा पडवीत घोंगडीला टाके घालत बसलेला, म्हणला, मोडून बघ रं आधी. ही बंदूक मधनं मोडती, मोडली की आतलं दिसतं. पण बिजागरी गंजून कडक झालेली, मला आला कंटाळा. मी कोपऱ्यातला आबाचा गज उचलून नळीत सोडला. काठाबरोबर बसला. मी म्हणलं, रिकामी हाय. गज काढला, घोडा वर चढवून तेल घातलं आन् घोडा ढिला सोडाया चाप वढला.

नवी नळी त्या कापलेल्या जुन्या नळीपरास चार बोटं लांब व्हती, भाऊ. आन् आत चार बोटांचं काडतूस. गज काठाबरोबरच बसणार की. त्यो खोटं बोलला न्हाई, मीच त्याला दुसऱ्या बंदुकीचं इचारलं. पुठ्ठ्याचं असतं तर ओलीनं मेलं असतं त्ये काडतूस, असं पण वाटतं कधी.

दादा घोंगडीवरच कलंडला, सुई बोटात तशीच. झोळीत घालून पळालो, यस्टी न्हाई, काय न्हाई, कुणाची तरी जीप गावली. दवाखान्याच्या वाटंत शिनोलीपातुर जीव व्हता.

वहिनी त्या वक्ताला पाण्याला गेलेली. ती यायच्या आधी आबानं माझ्या हातनं बंदूक काढून घेतली, म्हणला, तू शेतात व्हतास, माझ्या हातनं सुटली, तुझं सगळं व्हायचंय अजून. पोलिसांना त्येच, वहिनीला त्येच. मी गप. केस चालली, आबा सुटला. वहिनीनं मात्र सोडला न्हाई. रांधायची, पण भाकरी त्याच्या हातात कधी दिली न्हाई, म्होरं जमिनीवर ठेवायची, कुत्र्याला ठेवत्यात तशी. आबा उचलून खायचा. मी शेजारी बसून खायचो, मला हातात मिळायची.

मरताना आबानं तिच्याकडं पाणी मागितलं. सुमन, घोटभर पाणी दे म्हणला. ती उठून भाईर गेली. मी पाजलं. तवा तरी बोलायचं ना मी, तर दातखीळ बसली. लाज वाटती भाऊ, दुसरं काय.

आता घरात बंदूक न्हाई, डुकरं आली की मी पत्र्याचा डबा बडवतो. गज माळ्यावर हाय. वहिनी सातवी शिकलीय, तिला वाचाया येतं. लिवून झालं की पयला कागद तिला द्या, मला न्हाई. उद्यापासनं माझी भाकरी जमिनीवर येईल, येऊ दे. आबाच्या तसबिरीम्होरं एक तांब्या पाणी ठेवलं तिनं, तरी बास.

देव तुमचं भलं करो. जा, ती चुलीपाशी बसलीय.