कँडी शेवटी बांधायची

नेरूळच्या फुलवाल्याकडे मी रांगेत उभा होतो. डिसेंबरचे कोवळे ऊन दोन इमारतींमधल्या फटीतून सावकाश खाली उतरले, बादलीतल्या पांढऱ्या शेवंतीवर काही काळ रेंगाळले आणि मग माझ्या पुढच्या वृद्ध जोडप्याच्या खांद्यांवर येऊन स्थिरावले.

“लेकीच्या नाताळच्या टेबलावर मधोमध गुच्छ ठेवायचाय, दादा. लाल गुलाब घ्या, हिरवा पाला घ्या, आन् या कँडीच्या काठ्या मधी खोचा.”

“आजी, खालचा स्पंज ओला असतो. आत्ता खोचल्या तर जेवणापर्यंत पाघळतील. तिथं नेऊन शेवटी दोऱ्यानं बांधा.”

“पाडव्याच्या साखरगाठीसारखं,” आजोबा म्हणाले. “गुढीला मी ती शेवटीच बांधतो. ओल्या कडुलिंबाला टेकू देत न्हाई.”

“मग चला की आज सोनलकडं, बांधा. माझ्या बोटांना आता दोरा धरवत न्हाई.”

“तिनं चर्चमधी लगीन केलं तवाच सांगितलंय. मी त्या घरी जायचा न्हाई.”

“अहो, नातू चालाय लागलाय.”

“दोरा दे हिकडं. बांधून लगेच खाली येईन.”

“सातवा मजला हाय. गुडघ्यांना झेपंल का?”

“लिफ्ट हाय की, जिन्याच्या मागं.”

“तुमाला कुणी सांगितलं?”

फुलवाल्याची कात्री पाला कापत राहिली.

“दिवाळीला गेलो होतो मी. दारातनंच माघारी आलो.”