बुधाबाईचा हुंकार

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्हीही हात थांबवा, आता काम सुरांचं नाही, कानांचं आहे! आज एकच प्रश्न. एखाद्याला ‘विचारलं’ — असं कधी म्हणायचं? हसू नका! सोपा वाटतो. पण पाहुणा दारात उभा असला की आपण काय म्हणतो? ‘जेवूनच आला असाल ना!’ आता हे विचारणं झालं, की वाटेला लावणं झालं? बघा, मागच्या रांगेतल्या माना खाली गेल्या!

तर सह्याद्रीच्या कुशीत ठाकरांची एक वाडी होती. वर काळ्या कातळाचा डोंगर, डोंगरावर हिरड्याची झाडं, पायाशी बारमाही झरा. वाडीचं पिणं त्या झऱ्यावर. डोंगर फुटला की झरा आटला, झरा आटला की वाडी उठली! त्या वाडीत बुधाबाई मेंगाळ नावाची म्हातारी. गोष्टी सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण अट एकच — ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा! ‘एक होता राजा.’ — ‘हं.’ ‘त्याला दोन राण्या.’ — ‘हं.’ हुंकार थांबला की बाईची गोष्ट थांबली. ‘बोलनाऱ्याला एकटं सोडायचं नाय,’ म्हणायची. अख्ख्या वाडीला तिनं ही सवय लावली. किती गोड रीत! आणि तीच अंगाशी आली.

झालं असं, की त्या डोंगराची खडी करावी असं एका कंपनीच्या मनात आलं. सरकार म्हणालं, आधी गावाला विचारा. मग काय! सुरनीस नावाचे साहेब आले. कंपनीत यांचं काम काय? तर गावाशी संवाद साधणं. पगारी संवाद, बरं का! मांडव पडला. साहेबांना खुर्ची, वाडीला ताडपत्री. भोंगा सुरू! ‘आम्ही इथे प्रकल्प आणतोय.’ ताडपत्रीवरून आवाज — ‘हं.’ ‘डोंगराचा दगड काढायचाय.’ — ‘हं.’ ‘तुमचं कल्याण होणार!’ — ‘हं, हं!’ बुधाबाई तर अगदी पुढे बसून खणखणीत हुंकार देत होती. पाहुणा लांबून आलाय, बोलताना अडखळू नये बिचारा! साहेब खूश. भजी वाटली, गाडी धुरळा उडवत गेली. सभा संपेपर्यंत बाई आपली वाट बघत बसली होती — आता विचारतील, मग विचारतील. गोष्ट संपल्याशिवाय मध्ये कसं बोलायचं?

पुढच्याच आठवड्यात डोंगराशी पोकलेन हजर! बुधाबाईचा दीर काळू आडवा गेला. ‘कोनी सांगितलं रं तुमाला?’ मुकादम म्हणाला, ‘तुम्हीच की!’ — आणि मोबाइल काढला. सभेचं चित्रण! साहेब बोलतायत आणि गाव म्हणतंय — हं, हं, हं! त्यात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? हां, बरोबर ओळखलंत.

काळू तिच्यावर उखडला. ‘वैनी, तुझ्या तोंडापायी झरा गेला आपला!’ जन्मभर ज्या रीतीला बुधाबाई माणुसकी म्हणाली, तीच आज गळ्याशी आली होती. लाज वाटली तिला, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. उठली, तरातरा गेली आणि त्या मशीनच्या लोखंडी पंजात — हो हो, पंजातच! — पाय पसरून बसली. तिच्यामागे अख्खी वाडी मशीनभोवती बसली. काम बंद!

मग जिल्ह्याहून एक मोठ्या अधिकारी बाई आल्या. सुरनीस साहेब तयारच! ‘मॅडम, रीतसर संवाद झालाय. सर्वानुमते होकार!’ चित्रण लावलं. बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, ‘आजी, हा आवाज तुमचा?’

‘माझाच.’

‘मग आता का अडवता?’

बुधाबाई पंजातून हलली नाही. म्हणाली, ‘बाय, येक गोष्ट सांगते. पन सायबांनी हुंकार द्यावा. नायतर मला पुढं सांगताच येत नाय.’ साहेब हसले. म्हातारीचं मन राखायचं, आपलं काय जातंय!

‘येक व्हता डोंगूर.’ — ‘हं.’

‘त्याच्या पायाशी झरा.’ — ‘हं.’

‘तिथं येक पाव्हना आला, मशीन घेऊन.’ — ‘हं, हं.’ साहेबांचं लक्ष तोवर मोबाइलमध्ये!

‘गाव म्हनलं, डोंगूर द्यायचा नाय.’ — ‘हं.’

‘मंग पाव्हन्यानं मशीन गाडीवर चढवलं, अन् डोंगूर सोडला तो कायमचाच!’ — ‘हं!’

‘झालं!’ म्हातारीनं टाळीच वाजवली. ‘बाय, सायबांनी हो म्हनलं! समद्यांनी ऐकलं!’

साहेब ताडकन उभे. ‘अहो, काय बोलताय! मी कुठे हो म्हणालो? मी नुसतं ऐकत होतो!’

बुधाबाई म्हणाली, ‘मंग आमी काय करत व्हतो, सायेब?’

अधिकारी बाई म्हणाल्या, ‘सुरनीस, ती सभा मी ग्राह्य धरत नाही. आत्ता विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.’ साहेबांनी विचारलं. काळू म्हणाला, ‘नाय.’ त्याची बायको म्हणाली, ‘नाय.’ एकेक माणूस उठला आणि तेच म्हणाला. मशीन आलं त्या वाटेनं परत गेलं. आणि साहेब? गाडीत बसता बसता म्हणतात — ‘पुन्हा येऊ, पुन्हा चर्चा करू!’ वा रे चर्चा! ‘नाही’ आलं की पुन्हा विचारायचं, ‘हो’ येईपर्यंत विचारायचं — आणि एकदा ‘हो’ आलं की जन्मात परत विचारायचं नाही!

झरा राहिला. पण तेव्हापासून त्या वाडीत बाहेरचा माणूस बोलू लागला की कुणी हुंकार देत नाही. दगडासारखे बसतात. बुधाबाईला त्याचं फार वाईट वाटतं. डोंगर वाचवला तिनं, पण आपली गोड रीत तिला आपल्याच हातानं आवरती घ्यावी लागली.

आता मनातल्या मनात त्या कंपनीला शिव्या घालताय ना? घाला! पण जरा थांबा. तुमच्या घरी पोरीला बघायला पाहुणे येतात. पोर पोह्यांच्या बश्या देते, खाली मान घालून बसते. पाहुणे जिना उतरायच्या आत तुम्ही सुपारी फोडून मोकळे! कुणी म्हणालं, ‘अहो, पोरीला विचारलंत का?’ तर छाती काढून सांगता — ‘विचारलं की! काही बोलली नाही, म्हणजे पसंतच आहे!’ अरे, सुरनीस साहेबांना निदान ‘हं’ तरी ऐकू आलं होतं! तुम्हाला तेवढंही लागलं नाही!

आज घरी जाऊन तिला विचाराल? ती ‘नाही’ म्हणाली तर ऐकून घ्याल?

का हो, सगळे गप्प? मग मी काय समजू?