ल्योक बघत न्हाई

(भुकूमच्या वृद्धाश्रमाची ओसरी.)

विलास : आई, हैबततात्या फाटकाशी आलेत. पंचायतीचे मेंबर म्हणून इचारतील. तू एवढंच म्हणायचं, ल्योक बघत न्हाई.

सगुणाबाई : जीभ झडंल माजी! सोताच्या हातानं मला न्हाऊ घालणाऱ्या लेकाला असं म्हणू व्हय?

विलास : मग काय करू, सांग. ज्यांना कुणी न्हाई, न्हाईतर पोरांनी टाकलंय, त्यांचाच हितला खर्च पंचायत देती. त्या दिशी मी कंपनीच्या गेटावर राखणीला उभा अन् तू मोरीत पडलेली, मी येईस्तवर तशीच. पुन्यांदा झालं तर?

सगुणाबाई : मरंन. सुटशील तू.

विलास : तोंडाला येईल ते बोलू नगं. रोज घरी येऊन कुलूप काढायच्या आधी भाईरनंच हाक मारतो मी, आई. आत काय दिसंल म्हणून.

सगुणाबाई : रडू नगं. डोळं पूस. येऊ दे त्यांना.

हैबतराव : काय वयनी, बरं हाय ना? पंचायतीकडनं आलोय, तवा सरळच इचारतो. इलास बघतो का तुमाला?

सगुणाबाई : न्हाई.

हैबतराव : जेवायला तरी घालतो?

सगुणाबाई : घातलं तर घातलं. टाकलंय भावजी त्यानं मला.

हैबतराव : वाटलंच मला! काय रं इलास, मान वर कर की. बाप गेला तवा हिनं लोकांच्या रानात खुरपून तुला वाढवला. लाज कुटं ठेवलीस?

विलास : चुकलं, तात्या.

हैबतराव : चुकलं म्हणं! वयनी, तुमी बिनघोर ऱ्हावा हितं. ग्रामसभेत ठराव मी घेतो. अन् भावकीत ह्याला कुणी दारात उभं करणार न्हाई, तेबी बघतो. येतो मी.

विलास : गेले. झालं काम, आई. लई नीट बोललीस.

सगुणाबाई : व्हय.

विलास : आता तू का रडतीस? भावकी बोलंल चार दिस, मग विसरंल.

सगुणाबाई : त्याचं न्हाई रं. भावजींनी तुला कडेवर खेळवलाय. मला वाटलं, म्हणतील, वयनी, खोटं बोलताय, आपला इलास तसला न्हाई.

विलास : जाऊ दे, आई.

सगुणाबाई : एकदाबी म्हणले न्हाईत रं.