पूर्णपणे सहमत

डॉक्टर-डॉक्टर करू नका रे, आधी ऐका. संगणकामुळं कामकाज कसं सुधारतं, हा माझा पीएचडीचा विषय. प्रश्नावली घेऊन जिंतूरजवळच्या जिनिंगमधी गेलो. तिथं कापसाच्या पावत्या करणारे शिवलिंगअप्पा म्हणाले, "सर, कोणतं उत्तर पायजे ते सांगा, टिक करतो."

'माझं काम कमी झालं' यापुढं त्यांनी 'पूर्णपणे सहमत' केलं. वर चहा पाजला.

परवानगीच्या अटीप्रमाणं अहवालाची प्रत मालकाला दिली.

परवा अप्पा घरी आले. "सर, मालकानं माझं उत्तर वाचून दाखवलं अन् घरी बसवलं. तेवढं खोडता यील का?"

"अप्पा, प्रबंध मंजूर झालाय."

"मंग तुमचं तरी काम झालं ना, सर?"