धुळेवाल्याचा पाय

माझं माहेर पिंपळनेरचं, तिकडे साक्रीच्या बाजूला, अन् सासर हे नशिराबाद, म्हणजे धुळ्याच्या अंगाला जन्मले अन् जळगावच्या अंगाला नांदले, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं. बाप हाडं बसवायचा, बैलाची, माणसाची, मोहाच्या झाडावरून पडलेल्या पोरांची. त्याला मुलगा नव्हता, म्हणून पाय धरायला मी, ओढायला मी, असं करता करता माझा अंगठाच शिकला. शाळा नाही मला. अक्षरं पुढे पोराच्या पाटीवर गिरवली, तेवढीच.

तो पोरगा विष्णू. जळगावला कापसाच्या जिनमध्ये कामाला लागला अन् तिथे त्याला फुटबॉलचं वेड लागलं. खेळायचा नाही हो, नुसता ओरडायचा. जळगावची टीम अन् धुळ्याची टीम यांची म्याच असली की आठ आठ दिवस घरात जेवताना तेच. धुळ्याचा एक ब्याक होता, गणपत नावाचा, दांडगा, त्याच्या पुढे आमच्याकडच्यांचा गोलच व्हायचा नाही. विष्णू त्याला शिव्या घालून भाकर खायचा. एकदा मलाही घेऊन गेला, आम्ही चार बाया कापसाच्या गठाणींवर बसलो, अन् खोटं कशाला सांगू, मीसुद्धा ओरडले, मोड त्याची तंगडी! माहेर धुळ्याकडचं, पण तिथे बसलं की माणूस माणसात राहत नाही.

आता तुम्हाला आखाजी ठाऊकच आहे, अक्षयतृतीयेचा सण, सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, अन् न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी म्हणजे गावचा पाहुणा. कुठल्याही ओट्यावर त्याला पाणी मिळतं, कोणी त्याची थट्टा केली तरी गूळ देऊन करतं. आमच्या गल्लीत अनसूया म्हणून सून होती, धुळ्याची. तिला न्यायला भाऊ आला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून, अन् तो कोण, तर हा गणपत! आम्ही बायांनी लांबूनच पाहिलेला, कुठून ओळखू येणार, पण विष्णू अन् त्याचे दोस्त नाल्याजवळ आंब्याखाली बसले होते, त्यांनी ओळखला. लागले हुर्यो करायला, कोणी रिकामा डबा बडवला, आला रे आला धुळ्याचा बैल आला, अन् खरे बैल बुजले. दमणी नाल्यात उलटली. गणपतचा पाय गाडीच्या साटीखाली गेला.

उचलून आणला तो माझ्याच ओट्यावर. नळीचं हाड मोडलेलं, पाऊल भलतीकडे वळलेलं. अनसूया ऊर बडवत आली, म्हणे, मना भाऊना पाय गया तं मी कोनता तोंडे माहेरले जाऊ. विष्णूचे वडील मला आत बोलावून म्हणाले, हात लावू नको, नीट झाला तर गाव म्हणेल धुळ्याची ती धुळ्याचीच, वाकडा झाला तर धुळं म्हणेल मुद्दाम केला, जळगावला दवाखान्यात पाठव. बरोबरच होतं त्यांचं. पण तीन कोस गाडीचे धक्के खाल्ले असते तर हाड कातडीबाहेर आलं असतं. म्हणून मी बाहेर आले. गणपत घामाने थबथबलेला, मला म्हणाला, अक्का, तू पिंपळनेरनी ना, मग मना पाय तुना हातमा शे. बसवलं मी हाड. उडदाच्या पिठाचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, अन् अनसूयाच्या घरी नेऊन निजवला.

चूल पेटवत होते तर विष्णू मागे येऊन उभा. बारीक आवाजात म्हणे, आई, थोडा वाकडाच राहू दे ना, चालेल तो, फक्त धावणार नाही. मी पेटतं लाकूड उगारलं त्याच्यावर. म्हटलं, मेल्या, मुराळ्याला पाडलंस ते पुरे नाही झालं?

चौथ्या दिवशी सूज उतरली म्हणून कामट्या सोडल्या, नळीवरून अंगठा फिरवला, अन् तो एका जागी अडला. हाड जवाएवढं सरकलेलं होतं. परत फिरवला. होतंच. इतकी वर्षं बांधते, सुजेत कधी कधी चुकतं, बापाचंही चुकायचं. पण मला ते गठाणीवरचं ओरडणं आठवलं, अन् विष्णूचे शब्द आठवले, ते बांधून झाल्यावरचे होते तरी आठवले, अन् मी माझ्या अंगठ्याकडे बघतच राहिले. हे चुकलं, का मी केलं? तसंच बांधून टाकलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. चालला असता तो. धावला नसता.

भीती कशी असते सांगू का, समोरचा माणूस लांब गेल्यासारखा दिसतो. तरी बोलले. म्हटलं, गणपतभाऊ, हाड सरकलंय, पुन्हा ओढून बसवावं लागेल. तो म्हणाला, जळगाववालास्नी शिकाडं का तुले? अनसूयाचा नवरा उठून उभा राहिला. मी म्हटलं, शिकवलं असतं तर सांगितलं असतं का रे बाबा? मग गणपतनेच डोळे मिटले, म्हणे, ओढ.

पण ओढायला माणूस हवा ताकदीचा. खांदे अनसूयाच्या नवऱ्याने धरले. टाच कोण धरणार, कोणी पुढे येईना. मी विष्णूला हाक मारली. अनसूया किंचाळली, त्याला नको! मी म्हटलं, त्यालाच. ज्याने पाडलं त्याच्याच हातात येऊ दे. विष्णूला म्हटलं, मी ओढ म्हटलं की सरळ ओढायचं, थांब म्हटलं की थांबायचं, अन् एवढासा हिसका दिलास तर मी तुझी आई नाही. त्याने टाच धरली. धरल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आई, हा थरथरतोय. म्हटलं, माणूस आहे तो. ओढ.

ओढला. गणपत ओरडला नाही, दातात धरलेलं धोतराचं टोक फाटलं. माझ्या अंगठ्याखाली हाड खटकन बसलं, अन् विष्णू टाच सोडेचना, म्हटलं, सोड आता, तर रडत होता.

चाळीस दिवस मला अन्न गोड लागलं नाही. कामट्या सोडल्या त्या दिवशी दोन्ही पाय दोऱ्याने मोजले, सारखे भरले, तरी तो अंगणात दहा पावलं चालेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

पुढल्या हंगामात तो जळगावला खेळला. आम्ही हरलो. विष्णू सगळ्यात मोठ्याने ओरडत होता, पाडा त्या मामाला, पाडा! अन् म्याच सुटल्यावर त्यालाच घरी जेवायला घेऊन आला. गल्लीतल्या बाया मला टोमणे मारत राहिल्या, तुझ्या अंगठ्याने हरवलं आम्हाला. मारोत. मैदानात काय ओरडायचं ते ओरडा, मीही ओरडेन. पण रेषेच्या बाहेर आला की तो कोणाचा तरी मुराळी असतो, कोणाचा भाऊ असतो, त्याला पाणी विचारा.

आता देश स्वतंत्र झाला, मी म्हातारी झाले, गणपतची पोरं खेळतात म्हणे. देव त्यांचे पाय शाबूत ठेवो, आमच्याकडच्यांचेही ठेवो. लोक अजून येतात माझ्याकडे, मी बांधते. पण तेव्हापासून एक केलंय, एकटीने बांधत नाही. कोणाचंही हाड बसवलं, आपल्याचं असो की परक्याचं, की सुनेला हाक मारते, म्हणते, बाई, तुझा अंगठा फिरव एकदा याच्यावरून, माझ्यावर भरवसा ठेवू नको.

ती हसते, म्हणते, तुम्ही काय चुकणार.

मी म्हणते, तू फिरव.