दुसरी तारीख

—नाही हो गजाननराव, मी शब्द टाकून उपयोग व्हायचा नाही, तेच सांगतोय मघापासून. चहा घ्या आधी. जालंधरहून आलात, दर नाक्यावर पोलिसांना पिशवी उपसून दाखवलीत—आणि तुम्हाला महाराष्ट्र मंडळात कोणीतरी सांगितलं असणार, युनिव्हर्सिटीतल्या एमबीएच्या हेडच्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन आपल्या या डॉक्टरांनी केलंय, माझं तिथे वजन आहे. आहे ना. तीच तर रड आहे.

तुम्ही गैर काही मागत नाही, कळतंय मला. तुमच्या लीनाच्या प्रवेशाच्या मुलाखतीच्या दिवशीच तुमच्याकडे कर्फ्यू लागला, पोरगी घराबाहेर पडणार कशी? दुसरी तारीख द्या, एवढंच म्हणताय. पूर्वी द्यायचे हो. अडकलेल्या मुलांसाठी आठवडाभर यादी थांबवायचे. गेल्या वर्षीपासून बंद केलं. का म्हणजे—नियम झाला. कोणी केला? हेडनीच. कोणीतरी म्हणालं त्यांना, की इथे रोज कुठे ना कुठे कर्फ्यू, किती वाट बघणार, लावून टाका यादी. कोणीतरी म्हणजे—साखर कमी आहे का?

मी म्हणालो. मीच. माझी विनया वेटिंग लिस्टवर पहिली होती, आणि बटाल्याची एक मुलगी अडकली म्हणून एक जागा थांबवलेली. मी सीट मागितली नाही हं, ते मला जमलंच नसतं—त्यांच्या आईच्या डोळ्यांत औषध घालता घालता नुसतं म्हणालो. ते म्हणाले, डॉक्टरसाहब, बात तो ठीक है. दुसऱ्या दिवशी यादी लागली, त्या जागेवर विनयाचं नाव. मला वाटलं, याला काही वशिला म्हणत नाहीत. चार दिवसांनी विनयानंच जेवताना सांगितलं—बाबा, बटाल्याची एक मुलगी आली होती, ऑफिसबाहेर कर्फ्यूचा पास दाखवत उभी, तिचे वडील शिपायालासुद्धा हात जोडत होते. विनयाला फार वाईट वाटलं होतं. मी जेवत राहिलो. काय करणार?

वर्ष झालं. थकलो मी, गजाननराव. आता कुठल्या तोंडानं सांगू, यादी थांबवा म्हणून? ते विचारतील, डॉक्टरसाहब, आता कोणाची मुलगी?

काय ते? लीनाचा कर्फ्यूचा पास? मुलाखत होऊन गेल्यावर मिळालेला? नको, मला दाखवू नका. ठेवा, ठेवा पिशवीत. उठा आता, साडेतीनची बस पकडा, अंधार पडायच्या आत घरी पोचायला हवं. आणि हे बघा, विनया येईल एवढ्यात लायब्ररीतून. फाटकाशी भेटली आणि विचारलंच तिनं, तर—डोळे तपासायला आलो होतो म्हणा.