सातवा आरसा

नाही, नाही, बसा हो — लेझर तापायला वेळ घेतो, एवढंच. आत्ता पडद्यावरची रेघ वर चढेल, ती डोळ्यांनी बघा आणि परीक्षक म्हणून सही करा. मुलगी गेली, निदान तिचा प्रबंध तरी... असो. काय सांगत होतो? रेणूत दोन बंध. कच्चा कुणीही तोडेल. हिला पक्का तोडायचा होता — कच्च्याला धक्का न लावता! कसा? तर लेझरच्या पल्समधले, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्यातले, रंग मागेपुढे करून — कुठला आधी, कुठला नंतर. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा लाखावा भाग, तेवढ्यात सगळा खेळ. माणसाला कुठलं जमायला? म्हणून संगणकावर सोपवायचं. तो पल्सचे हजार आकार करून बघतो, बरे तेवढे ठेवतो, त्यांची सरमिसळ करतो, पुन्हा बघतो. तिसऱ्या दिवशी रेघ चढली तशी ओरडली — ‘बाबा, तुटला!’ एरवी इथे बाबा म्हणायची नाही हं — ‘अहो तंत्रज्ञ’ म्हणायची, आणि मी ‘बोला मॅडम’. आकार सापडला, पण तोच का, ते तिलाही सांगता यायचं नाही.

हां, बघतोय मी. चढत नाहीये. थांबा जरा — आकडे तेच आहेत, तिच्या फायलीतले, एकही बदललेला नाही. नमुना ताजा. आरसे — आरसे तर परवाच... तुम्ही येणार म्हणून टेबल लखलखीत केलं ना मी. लेझरच्या वाटेतल्या सातव्या आरशावर तिच्या बोटाचा ठसा होता. हातमोजे घाल म्हणून किती डोकं फोडलं होतं तिच्याशी! ॲसिटोन लावलं, एका फटक्यात साफ. तीस वर्षं हेच करतोय, हात आपसूक गेला. पुसून झाल्यावर लक्षात आलं — संगणक शिकला तो त्या डागासकट. ठशानं जे बिघडत होतं, ते त्यानं आकारातच सावरून घेतलं होतं. परवापासून रेघ हललेली नाही. तुम्हाला दारातच सांगायला हवं होतं. वाटलं, आज चढेल.

हो, संगणकाला पुन्हा शोधायला लावता येईल, तीन दिवसांत दुसरा आकार मिळेलही. पण तो मला मिळालेला. प्रबंधात छापलाय तो तिचा. काल मी माझं बोटही लावून बघितलं — त्याच जागी, अगदी हलकेच. काही नाही. माझं बोट जाड.

नको, पाणी नको. ‘दिसलं नाही’ असंच लिहा. खोटं तिला चाललं नसतं. मला हे बंद करायला वेळ लागेल. तुम्ही निघा.